कुटुंब निवृत्तीवेतनाची वसुली : दावा चालू असताना चार पत्रं, चार कारणं. काय करावं?

कृष्णाकाठ | १४ जून २०२५

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण तपशिलातच सगळं आहे.

माझे वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात क वर्गात होते. जुलै २०१० मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि १२ नोव्हेंबर २०१२ ला गेले. आईला कुटुंब निवृत्तीवेतन सुरू झालं. नियम असा की निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर आधी वाढीव दराने मिळतं. हा दर सात वर्षं, किंवा मृत व्यक्ती हयात असती तर सदुसष्टाची झाली असती त्या तारखेपर्यंत. यातलं जे आधी येईल ते. पुढे साधा दर, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. वडिलांच्या बाबतीत सदुसष्ट वर्षं आधी येतात, म्हणजे वाढीव दर जुलै २०१७ अखेर थांबायला हवा होता. बँकेने तो जून २०२४ पर्यंत चालूच ठेवला. सातव्या आयोगाप्रमाणे वाढीव मूळ रक्कम २०,५६० आणि साधी १२,३३६. महिन्याला ८,२२४ चा फरक, वर महागाई सवलत, म्हणजे पेन्शनरांचा महागाई भत्ता.

हे आम्हाला माहीत नव्हतं. आई दर नोव्हेंबरला स्वतः शाखेत जाऊन हयातीचा दाखला देत होती. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, आमची प्रत २०१९ च्या महापुरात भिजली, अक्षरं पसरून नुसता निळा डाग राहिला.

आता पत्रं.

पहिलं, जुलै २०२४, बँकेच्या पेन्शन केंद्राचं. ‘आपणास ८,६१,७९३ रुपये जादा प्रदान झाले असून ते वसूल करण्यात येत आहेत.’ आधी नोटीस नाही, काही नाही. जूनला ३०,८४० आले होते, जुलैला आले १२,३३६. साधा दर लागला तो लागलाच, वर महिना ६,१६८ चा हप्ताही कापला.

आम्ही लेखी हरकत घेतली. दुसरं पत्र सप्टेंबर २०२४ मध्ये: ‘सुधारित रक्कम ८,५०,९३७.’ का सुधारली, एक ओळ नाही. हरकतीला उत्तरही नाही.

नोव्हेंबरमध्ये कॅटच्या, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, मुंबई खंडपीठात मूळ अर्ज टाकला. खात्याला नोटीस निघाली. त्यांनी मुदत मागितली, स्टे काही मिळाला नाही. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसरं पत्र, या वेळी खुद्द खात्याचं: ‘पूर्वीची पत्रे रद्द. वाढीव दर सात वर्षे, म्हणजे १२ नोव्हेंबर २०१९ पर्यंत देय होता. वसुलीयोग्य रक्कम ६,०३,५७६.’ अडीच लाखांनी कमी झाली म्हणून आई खूश झाली. मला मात्र झोप लागेना. एवढी मेहेरबानी कशासाठी? उत्तर त्यांच्या प्रतिज्ञापत्रात सापडलं: ‘जादा प्रदानाचा कालावधी पाच वर्षांपेक्षा कमी असल्याने रफिक मसीह निकाल लागू होत नाही.’ चुकून जादा दिलेले पैसे कधी वसूल करता येत नाहीत, ते सांगणारा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.

आणि काल चौथं. ९ जूनचं, स्पीड पोस्टने. ‘तिसरे पत्र नजरचुकीने निर्गमित झाले. रक्कम ८,५०,९३७ कायम. अर्जदाराने २०१२ मध्ये हमीपत्र दिले असल्याने वसुली वैध.’ हमीपत्र म्हणजे, जादा रक्कम आली तर परत करीन असं लिहून दिलेलं. पुढची तारीख २ जुलै आहे.

आमचे वकील म्हणतात की दर पत्रामागे अर्जात दुरुस्ती करत बसलो तर कामकाज कधी चालायचंच नाही. खात्याचे वकील मागच्या तारखेला म्हणाले की मूळ आदेशच उरला नाही, तर अर्ज निष्फळ झाला. म्हणजे दुरुस्ती केली तर उशीर आणि नाही केली तर अर्ज फेटाळला जाण्याची भीती. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया सांगा. अकरा हप्त्यांत ६७,८४८ रुपये कापून झालेत. आई ७१ वर्षांची आहे.

हिशेबनीस_काका | १४ जून २०२५

ताई, मी लेखा विभागात आयुष्य काढलंय. आधी एकच विचारतो. पहिल्या पत्रासोबत देय आणि प्रदान रकमांचा महिनावार तक्ता होता का? असेल तर जानेवारी २०२० ते जून २०२१ या अठरा महिन्यांपुढे महागाई सवलतीचे किती टक्के धरलेत, तेवढं बघून सांगा.

कृष्णाकाठ | १४ जून २०२५

काका, पत्रासोबत नव्हता. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मिळवला. २०२० चे पहिले सहा महिने २१, पुढचे सहा २४, २०२१ चे पहिले सहा २८.

हिशेबनीस_काका | १४ जून २०२५

वाटलंच मला. कोविडच्या काळात केंद्राने महागाई भत्ता आणि सवलत दोन्ही गोठवली होती. ते अठरा महिने सगळ्यांना १७ टक्क्यांनीच मिळालं. वाढीव हप्ते १ जुलै २०२१ पासून लागले आणि मधल्या काळाची थकबाकी कुणालाही मिळाली नाही. तुमच्या आईच्या नावावर मात्र ते हप्ते ‘दिले’ म्हणून धरले.

आता आकडा लावून बघा. जादा धरलेले टक्के ४, ७ आणि ११, प्रत्येकी सहा महिने. २४ अधिक ४२ अधिक ६६ म्हणजे १३२ टक्के. ८,२२४ च्या १३२ टक्के होतात १०,८५६. तुमच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रातला फरक बरोब्बर १०,८५६ आहे.

म्हणजे चूक त्यांच्या लक्षात आली होती, त्यांनी ती गुपचूप दुरुस्त केली आणि कारण लिहिलं नाही. कारण लिहिलं असतं तर कबूल करावं लागलं असतं, की न मिळालेल्या पैशाची वसुली लावून त्यांनी दोन महिने हप्ता कापला. हा मुद्दा दहा हजारांचा समजू नका. हिशेब न तपासता वसुली सुरू केली याचा हा लेखी पुरावा आहे, आणि तो त्यांनीच दिलाय.

कृष्णाकाठ | १४ जून २०२५

काका, मी हा फरक सहा महिने वहीत लिहून बघत होते. व्याज असेल, दंड असेल, काय काय वाटलं. आत्ता आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोन वेळा वाचायला लावलं.

मुलुंडचा_वाचक | १५ जून २०२५

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. पैसे चुकून जास्त आले हे तर तुम्हीही मान्य करताय. सरकारचा पैसा म्हणजे आपलाच. हक्काचे नव्हते ते परत करायला काय हरकत आहे? हप्ते बांधून घ्या आणि मोकळ्या व्हा.

कृष्णाकाठ | १५ जून २०२५

राग नाही. हा प्रश्न आई स्वतःच मला रोज विचारते. ‘आपण कुणाचे पैसे खाल्ले का गं?’

साधा दर आम्ही पहिल्या दिवसापासून मान्य केलाय. अर्जातही तसं लिहून दिलंय, पुढे ३० टक्केच द्या, त्याला आमची हरकत नाही. प्रश्न मागच्या सात वर्षांचा आहे. तिने काही लपवलं नाही, खोटं सांगितलं नाही, कुठल्या कागदावर चुकीची तारीख टाकली नाही. बँकेने दिले ते आपलेच असं समजून तिने घर चालवलं. महापुरानंतर पुढची भिंत नव्याने बांधली, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ते पैसे आता कुठून काढायचे? चूक ज्यांची त्यांच्यापैकी कुणाचा एक रुपया कापला गेला का? आणि समजा परत करायचे ठरवलेच, तर किती? ८,६१,७९३ की ८,५०,९३७ की ६,०३,५७६? वर्षभरात त्यांनाच ठरवता आलेलं नाही.

पेन्शन_काउंटर | १५ जून २०२५

मी बँकेतून निवृत्त. कोणत्या ते महत्त्वाचं नाही. असं का होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की पेन्शनर गप्प बसून पैसे घेत राहतात.

पूर्वी पेन्शनचे कागद शाखेतच असायचे. आमच्याकडे एक जाड रजिस्टर होतं. वाढीव दर कधी संपतो ती तारीख आम्ही लाल शाईने पानाच्या कोपऱ्यात लिहायचो आणि दर जानेवारीत पूर्ण रजिस्टर चाळायचो. पुढे काम मध्यवर्ती केंद्राकडे गेलं. खाती चढवताना तारखेचा रकाना रिकामा राहिला तर संगणक जुन्याच दराने देत राहतो. पेन्शनरला कळण्याचा काही मार्ग नाही. पासबुकात एक रक्कम येते, तिच्यात मूळ किती, सवलत किती, दर कुठला, यातलं काही दिसत नाही.

दुसरं. बँका आधी रिझर्व्ह बँकेच्या जुन्या परिपत्रकांवर बोट ठेवून थेट कापायच्या. ती परिपत्रकं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतली आणि जादा पेन्शनच्या वसुलीबाबत संबंधित पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचं मार्गदर्शन घ्या असं बँकांना कळवलं. तुमचं पहिलं पत्र जुलै २०२४ चं आहे. तेव्हा बँकेने खात्याला विचारलं होतं का? माहितीच्या अधिकारात तेवढा पत्रव्यवहार मागा. नसला तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल, आणि तेही कामाचं आहे.

वकिली_वही | १५ जून २०२५

मी सेवाविषयक प्रकरणं चालवतो. तुमच्या वकिलांना बाजूला सारून सल्ला देणं बरं नाही, म्हणून हे सगळं त्यांच्यासमोर ठेवा. निर्णय त्यांचा.

‘मूळ आदेशच उरला नाही’ हे ऐकायला जोरदार वाटतं. पण आदेश उरला नाही तर हप्ता कशाच्या आधारावर कापताय? पहिलं पत्र रद्द, तिसरं नजरचुकीचं, आणि वसुली पहिल्या दिवसापासून अखंड चालू. खंडपीठासमोर पहिला प्रश्न हाच ठेवा. वसुली चालू आहे तोवर वाद जिवंत आहे.

दुरुस्तीचा अर्ज टाकाच, पण वेगळ्या पद्धतीने. बरेच जण नवीन पत्र आलं की जुन्याच्या जागी नव्याला आव्हान देतात. तसं केलं की पुढच्या पत्राने तेही वाया जातं. चारही पत्रं एकत्र आव्हानाखाली ठेवा. मागणी अशी लिहा, की या वसुलीसाठी काढलेले सर्व आदेश, त्यांतल्या प्रत्येकाचं कारण काहीही असो, रद्द करावेत आणि कापलेली रक्कम परत द्यावी. सोबत अंतरिम मागणी, की प्रकरण निकाली निघेपर्यंत खंडपीठाच्या परवानगीशिवाय या विषयावर नवा आदेश काढू नये. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा १९८५, कलम १९(४) वाचा. अर्ज दाखल करून घेतला की त्याच विषयावरच्या खात्याअंतर्गत तक्रार निवारणाच्या कार्यवाह्या आपोआप संपतात. हे कलम थेट खात्याच्या नव्या आदेशांबद्दल बोलत नाही, ते प्रामाणिकपणे सांगा. पण विषय एकदा न्यायाधिकरणाच्या हातात गेल्यावर तो बाहेर बसून फिरवत राहणं त्या कलमाच्या हेतूविरुद्ध आहे, हा युक्तिवाद निश्चित करता येतो.

मुख्य मुद्दा कारणं बदलण्याचा. याचा कायदा जुना आहे, आणि त्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे. अंधेरीत सिनेमागृह बांधायची परवानगी पोलीस आयुक्तांनी आधी दिली, मग रद्द केली. रद्द केल्याच्या पत्रात लिहिलं होतं की सरकारच्या सांगण्यावरून रद्द. दावा झाल्यावर आयुक्त म्हणाले, निर्णय माझा स्वतःचा होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेश त्यात लिहिलेल्या शब्दांवरूनच वाचायचा. आपल्या मनात काय होतं हे अधिकाऱ्याने नंतर येऊन सांगायचं नाही. १९७७ मध्ये फिरोजपूरच्या निवडणुकीच्या प्रकरणात घटनापीठाने तेच आणखी स्पष्ट केलं: आदेशात नसलेली कारणं प्रतिज्ञापत्रातून मागाहून जोडता येत नाहीत. मोहिंदर सिंग गिल निकाल म्हणून तो प्रसिद्ध आहे, तुमच्या वकिलांना तोंडपाठ असेल.

तुमच्या पहिल्या पत्रात हमीपत्राचा उल्लेख आहे का? नसेल तर ते अकरा महिन्यांनी सुचलेलं कारण आहे. पण ते म्हणतील की चौथं पत्र हा स्वतंत्र नवा आदेश आहे, कारण त्यातच लिहिलंय. म्हणूनच त्याला वेगळं आव्हान हवं, आणि नोटीस न देता काढला हा आक्षेपही हवा. पगार मागच्या तारखेपासून कमी करण्याआधी म्हणणं ऐकून घ्यायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये भगवान शुक्ला प्रकरणात सांगितलंय. चार आदेश निघाले आणि तुमच्या आईला एकदाही विचारलं नाही.

वकिली_वही | १५ जून २०२५

रफिक मसीहबद्दल राहिलं. १८ डिसेंबर २०१४ चा तो निकाल पाच परिस्थिती सांगतो, ज्यांत वसुली करता येत नाही. क आणि ड वर्गाचे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे. आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा पैसे दिलेले असणं. वरच्या पदाचं काम चुकीने करून घेऊन त्या पदाचा पगार दिलेला असणं. आणि शेवटची, वसुली इतकी जाचक किंवा अन्याय्य असणं की मालकाच्या वसुलीच्या हक्काचं पारडं हलकं ठरावं. केंद्राने २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने हे सगळ्या खात्यांना कळवलंय.

खात्याने केलं काय ते बघा. आई ‘कर्मचारी’ नाहीत असं म्हणून पहिल्या दोन परिस्थिती बाजूला केल्या. मग तिसरी आड आली, म्हणून २०१७ ची तारीख २०१९ वर नेली. पण ती तारीख त्यांची नाहीच. ‘जे आधी येईल ते’ हे शब्द नियमातच आहेत, आणि पीपीओवर वाढीव दराची अंतिम तारीख छापलेली असते. पीपीओची प्रत मागवलीत का?

कृष्णाकाठ | १५ जून २०२५

हो, तक्त्यासोबतच आली. ३१-०७-२०१७ असं टंकलेलं आहे. पहिल्या पत्रात हमीपत्राचा शब्दही नाही.

वकिली_वही | १५ जून २०२५

मग तिसरं पत्र फाडू नका, रद्द झालं म्हणून बाजूला टाकू नका. तुमच्या फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. स्वतःच्या पीपीओविरुद्ध जाऊन तारीख बदलली, त्याच तारखेच्या आधारावर शपथेवर पाच वर्षांचा बचाव घेतला, आणि आता म्हणतात नजरचूक. नजरचूक पत्रात होते हो, शपथपत्रात तीच तारीख धरून दोन पानं युक्तिवाद कसा होतो?

हमीपत्र मात्र हलकं घेऊ नका. २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा आधार ते घेणार. तिथे हमी दिलेली असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने वसुली योग्य ठरवली होती. फरक असा की तिथले अर्जदार न्यायिक अधिकारी होते, आणि सुधारित वेतनश्रेणी घेताना त्यांनी जाणतेपणी हमी दिली होती. तुमच्या आईने कोणत्या परिस्थितीत, कशावर, कोणत्या भाषेत सही केली ते शपथपत्रात तपशिलाने यायला हवं. प्रत जोडलीय का?

कृष्णाकाठ | १६ जून २०२५

जोडलीय. काल रात्री भिंग घेऊन बघितली.

छापील इंग्रजी फॉर्म. नाव, खाते क्रमांक आणि सही, बाकी सगळे रकाने कोरे. तारीख कोरी, साक्षीदार कोरा. सहीच्या जागी आईने आधी ‘सौ.’ लिहिलंय, मग ते खोडून पुढे ‘श्रीमती’. वडिलांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नसेल. मी शेजारी उभी होते. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘इथे, इथे आणि इथे सही करा, म्हणजे पेन्शन चालू होईल.’ मी स्वतः त्या तीन जागा बोटाने दाखवल्या. कशावर सही करतोय हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. त्या खोडलेल्या ‘सौ.’कडे मला बघवत नाहीये.

पेन्शन_काउंटर | १६ जून २०२५

हे शपथेवर लिहा. अगदी जसं इथे लिहिलंत तसंच. मी कित्येक वर्षं असे फॉर्म भरून घेतलेत. एकाही विधवा बाईंना मी तो मजकूर वाचून दाखवला नाही, हे मान्य करतो. रांग असायची, वेळ नसायचा. पण ते कारण झालं, समर्थन नाही.

वैनगंगा | १७ जून २०२५

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२० चा निकाल वकिलांना दाखवा. भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले वयोवृद्ध गृहस्थ होते. बँकेने ३,६९,०३५ रुपये जादा गेले म्हणून कापायला सुरुवात केली. उच्च न्यायालयाने वसुली रद्द केली आणि बँकेवर पन्नास हजारांचा खर्च बसवला. आमच्याकडे भंडाऱ्यात पेन्शनर मंडळींत त्या निकालाच्या झेरॉक्स हातोहात फिरल्या होत्या.

निवृत्त कर्मचाऱ्यांकडून वसुली नको, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०२५ मध्येही आलाय, ओडिशातल्या न्यायालयीन लघुलेखकांच्या प्रकरणात. म्हणजे तुमच्या तारखेच्या तीनच महिने आधीचा. तोही सोबत न्या.

डोंबिवली_फास्ट_नाही | १७ जून २०२५

सोबत ऑनलाइन पेन्शन तक्रार आणि बँकिंग लोकपाल दोन्हीकडे टाका ना. चारी बाजूंनी दबाव येईल.

वकिली_वही | १७ जून २०२५

आता नको. प्रकरण न्यायाधिकरणात असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, आणि पोर्टलवरही न्यायप्रविष्ट म्हणून बंद करतात. आणि खरं सांगायचं तर तिथून एखादं पाचवं पत्र निघालं तर तुमचीच अडचण वाढेल. एकच दार धरा.

हिशेबनीस_काका | १८ जून २०२५

ताई, एक काम करा. चारही पत्रांचा एक तक्ता एकाच पानावर बनवा. तारीख, कुणी काढलं, रक्कम, कुठून कुठवर, कारण, आणि शेवटचा रकाना ‘त्या महिन्यात कापलेला हप्ता’. शेवटच्या रकान्यात चारही ओळींत ६,१६८ येईल. बाकी सगळं बदललं, तेवढं एक बदललं नाही. न्यायासनावर बसलेल्या माणसाला शंभर पानं चाळायला वेळ नसतो. हे पान वकिलांच्या हातात वेगळं द्या.

आकडे मी तपासून देतो. तिसऱ्या पत्राचे ६,०३,५७६ बरोबर आहेत, १३ नोव्हेंबर २०१९ पासून अठरा दिवस धरून. म्हणजे हिशेब कुणीतरी नीट बसून केलाय. नजरचुकीने अठरा दिवसांचा अपूर्णांक कुणी काढत नाही.

मुलुंडचा_वाचक | १८ जून २०२५

मी आधी लिहिलं ते मागे घेतो. मला वाटलं होतं, एक चूक झाली, एक आकडा आहे, भरून टाकावा. अठरा दिवसांचं वाचून माझं मत बदललं. ताई, तारखेला शुभेच्छा.

कृष्णाकाठ | ३ जुलै २०२५

काल तारीख झाली. परवा रात्री महालक्ष्मीने निघाले, सकाळी मुंबईत. आईला नेलं नाही, गुडघे चालत नाहीत.

दुरुस्तीचा अर्ज दोन दिवस आधी दाखल केला होता, चारही पत्रांना एकत्र आव्हान देणारा. बोर्डावर चौतिसावा क्रमांक. दुपारच्या सुट्टीनंतर नंबर लागला. खात्याच्या वकिलांनी पुन्हा तेच सांगितलं, की नवीन आदेश आलाय, अर्जदाराने नव्याने यावं. आमच्या वकिलांनी काकांचं पान पुढे केलं. खंडपीठाच्या सदस्यांनी ते हातात घेऊन वाचलं आणि विचारलं, ‘तिसऱ्या पत्राने पहिली दोन रद्द झाली. मग मार्च ते मे या तीन महिन्यांत ८,५०,९३७ चा आदेश अस्तित्वातच नव्हता. हप्ता कोणत्या आदेशाखाली कापला?’ वकील म्हणाले, सूचना घेऊन सांगतो. सदस्य म्हणाले, तोवर कापू नका.

दुरुस्ती मंजूर झाली. पुढच्या आदेशापर्यंत वसुलीला स्थगिती. खंडपीठाच्या परवानगीशिवाय या विषयावर नवा आदेश काढायचा नाही, हेही नोंदवलं. हमीपत्राचं मूळ हजर करायला सांगितलंय, झेरॉक्स नाही. कापलेल्या ७४,०१६ चं काय ते अंतिम निकालात ठरेल. सगळं मिळून नऊ-दहा मिनिटं.

बाहेर येऊन आईला फोन केला. तिने पहिलं विचारलं, ‘आपण पैसे खाल्ले असं म्हणाले का?’ म्हटलं, नाही, असं कुणीच म्हणालं नाही.

वकिली_वही | ३ जुलै २०२५

छान झालं. आदेशाची प्रमाणित प्रत आली की बँकेच्या पेन्शन केंद्राला आणि शाखेला दोन्हीकडे पोच घेऊन द्या. खातं बँकेला कळवेल या भरवशावर राहू नका. जुलैची पेन्शन तयार व्हायच्या आत पोचायला हवी.

कृष्णाकाठ | ३१ जुलै २०२५

प्रत १० तारखेला मिळाली, ११ ला दोन्हीकडे दिली. शाखेत पोच द्यायला तयार नव्हते, ‘वरून मेल येईल’ म्हणाले. दीड तास बसून राहिले, मग शिक्का मिळाला.

आज सकाळी आईच्या फोनवर मेसेज आला. १९,१२१ रुपये जमा. १२,३३६ आणि त्यावर ५५ टक्के. काका, मी आधी कागदावर करून ठेवलं होतं, तोच आकडा आला. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि पासबुक भरून आणायला मला शाखेत पाठवलं.

पुढची तारीख सप्टेंबरमध्ये आहे. मूळ हमीपत्र अजून हजर झालेलं नाही. आईचं शपथपत्र तयार करतोय, मराठीत, तिच्याच शब्दांत, सोबत भाषांतर. काउंटरपाशी मी बोटाने जागा दाखवल्या होत्या, तेही त्यात लिहिलंय.

हिशेबनीस_काका | ३१ जुलै २०२५

आकडा बरोबर आहे. पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स फाइलला लावून ठेवा, जुलै २०२४ च्या पानाशेजारी.